आभाळाला छप्पर दिसत नाही : एका वाड्याच्या लायटिंगचं प्रकरण

माजघरात एकही दिवा नव्हता, खिडकी नव्हती, ओसरीकडचं दार अर्धवट लोटलेलं होतं. तरी आत निळसर उजेड भरून होता. कोनाड्यात, जात्याच्या खाली, कोठीच्या बंद दारामागे, सगळीकडे सारखाच. सावली म्हणून कुठे नाहीच. ज्या मुलांनी हा वाडा उभा केला त्यांच्यातल्या एकीचा प्रश्न सरळ होता : "ताई, सीनमध्ये लाइट एकच आहे आणि तो सूर्य आहे. मग आत हे कसलं चांदणं पडलंय?"

प्रकल्प असा : जुन्या पुणेरी धाटणीचा एकचौकी वाडा, संगणकावर बांधलेला, फोन हातात धरून आतून फिरता येईल असा. पूर्वेला दिंडी दरवाजा, मध्ये चौक, चौकात तुळशीवृंदावन, चारही अंगांना ओसरी, उत्तरेला माजघर आणि त्याला लागून देवघर नि कोठीची खोली. वर कौलं, आतून कडीपाट. इंजिन, म्हणजे गेम चालवणारं सॉफ्टवेअर, गोडो ४; रेंडरर, म्हणजे त्यातला दृश्य पडद्यावर रंगवणारा भाग, मोबाइल. मॉडेल देखणं होतं. सागवानी खांबांखालच्या तळखड्यांच्या कडाही झिजवलेल्या होत्या, इतकी बारकाई.

लायटिंग मात्र दोन गोष्टींत आटोपलं होतं. एक डायरेक्शनल लाइट, म्हणजे सूर्य. आणि पॉली हेवन या संकेतस्थळावरून उतरवलेला एक एचडीआर पॅनोरामा, म्हणजे उजेडाची तीव्रताही नोंदवणारं चहूबाजूंचं चित्र, आकाश म्हणून लावलेलं. पॉली हेवनवरचं सगळं सीसीझिरो परवान्याने, म्हणजे कुठल्याही अटीशिवाय वापरायला मिळतं, त्यामुळे निवड समजण्यासारखी होती. शिकवण्याचे बहुतेक व्हिडिओही इथेच थांबतात : पॅनोरामा टाका, भोवतालचा उजेड आपोआप मिळेल, झालं. माळरानावर उभ्या केलेल्या गाडीला किंवा पुतळ्याला तेवढं पुरतं. घराला पुरत नाही, आणि चौक असलेल्या घराला तर मुळीच नाही.

आधी एक किरकोळ भानगड

मुलांपैकी दोघांची तक्रार वेगळीच होती : एडिटरमध्ये देवघर छान दिसतं, पूर्ण वाड्यात आणलं की काळपट पडतं. गोडोच्या एडिटरमध्ये प्रीव्ह्यू सन आणि प्रीव्ह्यू एन्व्हायर्नमेंट अशा दोन सोयी आहेत. सीनमध्ये स्वतःचा सूर्य किंवा वर्ल्डएन्व्हायर्नमेंट नोड (आकाश नि भोवतालचा उजेड ठरवणारा घटक) नसेल तर काम करताना अंधारात चाचपडावं लागू नये म्हणून त्या तात्पुरता उजेड देतात. गेम चालवला की त्या नसतात. देवघर वेगळ्या सीनमध्ये बांधलं होतं आणि त्याच्या गिलाव्याचा तांबडा रंग या उसन्या उजेडात ठरवला होता. एन्व्हायर्नमेंट रिसोर्स स्वतंत्र फाइल म्हणून जतन केला, प्रत्येक खोलीच्या सीनमध्ये तोच लावला, आणि ही तक्रार मिटली. मूळ दुखणं मात्र जिथल्या तिथे होतं.

एका आकाशाची तीन कामं

गोडोच्या एन्व्हायर्नमेंट रिसोर्समध्ये आकाशाशी संबंधित तीन कप्पे आहेत : बॅकग्राउंड, अँबियंट लाइट आणि रिफ्लेक्टेड लाइट. पहिला कॅमेऱ्याला मागे काय दिसेल ते ठरवतो, दुसरा भोवतालचा पसरट उजेड, तिसरा चकचकीत पृष्ठभागांत काय उमटेल ते. अँबियंट आणि रिफ्लेक्टेड यांचा स्रोत 'बॅकग्राउंड' ठेवला की तिन्ही कामं एकाच चित्रावर चालतात. सुरुवातीची मांडणी तीच असते, म्हणून ती तीन वेगळी कामं आहेत हे सहसा कुणाच्या ध्यानातच येत नाही.

माजघरात उभं राहून एकेक बंद करत गेले. अँबियंट बंद करताच भिंती काळ्या झाल्या. म्हणजे निळं चांदणं तिथलं. पण फडताळावरचे पितळी डबे आणि घंगाळ तरीही निळ्या झाकेने चमकत राहिले. रिफ्लेक्टेडही बंद केल्यावर तेही विझले. शेवटी उरला तो मिट्ट अंधार. सूर्य आपलं काम चोख करत होता. घोळ आकाशाचा होता.

आतली यंत्रणा अशी. इंजिन आकाशाच्या चित्रातून सहा बाजूंचा घनाकार नकाशा बनवतं, ज्याला रेडियन्स मॅप म्हणतात. गोडोत त्याच्या प्रत्येक बाजूचा आकार मुळात २५६ पिक्सेल असतो. मग त्याच नकाशाच्या उत्तरोत्तर अधिक धूसर प्रती केल्या जातात. गुळगुळीत पितळ स्पष्ट प्रत वापरतं, खडबडीत लाकूड धूसर प्रत, आणि भोवतालच्या उजेडासाठी सर्वांत धूसर प्रत कामी येते. पडद्यावरचा प्रत्येक ठिपका एवढंच विचारतो : माझा पृष्ठभाग कोणत्या दिशेला तोंड करून आहे? जमीन वर पाहते, तिला वरच्या आभाळाचा निळा मिळतो. दक्षिणेची भिंत उत्तरेकडे पाहते, तिला उत्तर क्षितिजाचा रंग मिळतो. मध्ये कडीपाट आहे, कौलं आहेत, भिंत आहे, हा प्रश्न त्या हिशेबात येतच नाही. सीनमधलं छप्पर कितीही जाड करा, आभाळाला ते दिसत नाही.

ही पद्धत आली कुठून हे पाहिलं की असं का ते कळतं. भोवतालचा परिसर चित्र म्हणून वस्तूवर परावर्तित करायची कल्पना ब्लिन आणि न्यूएल यांनी १९७६ साली मांडली. खऱ्या जागेचा उजेड मोजून तो कृत्रिम वस्तूंवर टाकायचं तंत्र पॉल डेबेवेक यांनी १९९८ साली दाखवलं. परिसराच्या चित्रातून उजेड घ्यायचा तर परिसर दूर असावा लागतो आणि वस्तू त्याच्या मानाने लहान. गेम इंजिनांनी वेगासाठी त्यात भर घातली ती ही की मध्ये काही आडवं येत नाही असंच धरायचं. आपल्या प्रकरणात पाहणारा माणूस वस्तूच्या आत उभा आहे, आणि त्याचा परिसर म्हणजे चार हातांवरची भिंत. दोन्ही गृहीतकं इथे मोडतात.

कडीपाटावरचा हिरवा

निळ्याबरोबर आणखी एक रंग होता जो मुलांना जाणवला होता पण सांगता येत नव्हता. ओसरीचा कडीपाट खालून पाहिला की किंचित शेवाळल्यासारखा वाटायचा. त्यांनी लाकडाच्या टेक्श्चरमध्ये, म्हणजे पृष्ठभागावर चढवलेल्या चित्रात, तांबूस छटा वाढवून पाहिली, उपयोग झाला नाही. टेक्श्चरचा दोष नव्हताच. पॅनोरामा उलगडून पाहिला तर त्याचा खालचा अर्धा भाग म्हणजे हिरवंगार कुरण. कडीपाट खाली पाहतो; त्याला खालच्या अर्ध्याचा रंग मिळतो. फरशी घातलेल्या चौकाच्या वाड्यात परदेशी गवताचा उजेड छताला लागत होता!

पॅनोरामा निवडताना सगळे वरचे ढग पाहतात. खालचा अर्धा भाग दृश्यात कधी येत नाही म्हणून त्याकडे कुणी पाहत नाही. पण तळ, छत, पागोळीची खालची बाजू, माणसाची हनुवटी, या सगळ्यांना उजेड तिथूनच येतो. प्रोसीजरल स्कायमध्ये, म्हणजे सूत्राने काढलेल्या आकाशात, जमिनीचे रंग वेगळे देता येतात, पॅनोरामात ते चित्रातच असतात.

त्याच चित्रात सूर्यही होता, आणि तो खाली होता. मावळतीचा वाटेल इतका खाली, पण उजेड पांढरा, दुपारचा. उत्तरेकडच्या देशातल्या हिवाळ्यातलं चित्र असणार. लंडनच्या अक्षांशावर डिसेंबरअखेर भर दुपारीही सूर्य क्षितिजावर जेमतेम १५ अंश चढतो. पुणं साडेअठरा अंश उत्तरेला. इथे वर्षातल्या सर्वांत आखूड दिवशीसुद्धा माध्यान्हीचा सूर्य ४८ अंशांवर असतो, आणि मेच्या मध्यावर व जुलैच्या अखेरीस तर थेट डोक्यावर येतो.

चौकाच्या वाड्यात हा फरक नुसता रंगरूपाचा राहत नाही. आपला चौक ६ मीटरचा, दक्षिणेची पागोळी जमिनीपासून साडेचार मीटरवर. ४८ अंशांच्या सूर्याला तिची सावली सुमारे ४ मीटर पडते. म्हणजे ऐन हिवाळ्यातही चौकाच्या उत्तर कडेला दोनेक मीटर उन्हाचा पट्टा राहतो. वाळवणं घालायची, म्हाताऱ्यांनी पाठ शेकत बसायची जागा ती. १५ अंशांच्या सूर्याला तीच सावली जवळपास १७ मीटर होते आणि चौकात ऊन उतरतच नाही. मुलांनी डायरेक्शनल लाइटचा कोन चित्रातल्या सूर्याशी जुळवून घेतला होता, कारण तसंच शिकवलं जातं. परिणाम म्हणजे चौक दिवसभर सावलीत. जुळवायचा तर चित्रातला सूर्य वाड्याच्या गावाशी जुळवायला हवा होता.

बरं, चित्रातला सूर्य ठेवला तर तो दोनदा मोजला जातो. ४०९६ पिक्सेल रुंदीच्या पॅनोरामात एका अंशाला साधारण ११ पिक्सेल येतात. सूर्याचं बिंब अर्ध्या अंशाचं, म्हणजे चित्रात सहा पिक्सेलांचं. २५६ च्या रेडियन्स मॅपमध्ये तेच दीड पिक्सेल उरतं. मग ते धूसर होत जातं. त्यातून सावली पडणं शक्य नाही, पण त्याचा सगळा झगझगीतपणा एका बाजूच्या भिंतींवर पिवळट थर होऊन बसतो. वर डायरेक्शनल लाइट आहेच. शिवाय खऱ्या सूर्याचे पिक्सेल इतके तीव्र असतात की परावर्तनात ठिणग्यांसारखे ठिपके दिसू लागतात. घंगाळावर ते दिसत होते. गोडोच्या इंपोर्टमध्ये 'एचडीआर क्लॅम्प एक्स्पोजर' नावाचा पर्याय याचसाठी दिलेला आहे. तो लावल्यावर ठिणग्या गेल्या. दोन सूर्य मात्र राहिलेच.

काय ठरलं

फोनसाठीचं काम असल्यामुळे काही दारं आधीच बंद होती. एसडीएफजीआय आणि व्हॉक्सेलजीआय या चालू गेममध्ये उजेडाचा हिशेब करणाऱ्या दोन्ही पद्धती आकाशाच्या उजेडाला भिंती नि छपरं आडवी येऊ देतात, पण त्या फक्त डेस्कटॉपसाठीच्या फॉरवर्ड प्लस रेंडररमध्ये चालतात. उरला लाइटमॅप : उजेडाचा हिशेब आधीच संगणकावर करून पृष्ठभागांवर भाजून टाकायचा. वाडा हलत नाही, भिंती हलत नाहीत. माझ्या मते डेस्कटॉपसाठी केलं असतं तरी इथे लाइटमॅपच घेतला असता. न हलणाऱ्या घराचा उजेड दर फ्रेमला नव्याने शोधत बसण्यात काय हशील?

आकाश मात्र नव्याने लिहिलं. पॅनोरामा टाकून देऊन नव्हे. ढग त्यातलेच घेतले, पण स्काय शेडरमधून, म्हणजे आकाशाचा रंग काढणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममधून. गोडोच्या स्काय शेडरला एक खूण उपलब्ध असते, 'अॅट क्यूबमॅप पास'. आकाश पडद्यासाठी रंगवलं जातंय की रेडियन्स मॅपसाठी, हे ती सांगते. तिच्यामुळे दिसणारं आकाश एक आणि उजेड देणारं आकाश दुसरं, अशी वाटणी करता आली. डोळ्यांना ढग, त्यांच्या कडा, सूर्याचं बिंब, सगळं. उजेडाच्या प्रतीत बिंब नाही. वर निळ्याचा सौम्य चढउतार, क्षितिजाला धुरकट पांढरा, आणि खालच्या अर्ध्यात दगडी फरशीचा तापलेला करडा-तपकिरी. कुरण गेलं. कडीपाट पुन्हा लाकडासारखा दिसू लागला, टेक्श्चरला हात न लावता.

डायरेक्शनल लाइट ४८ अंशांवर नेला. बिंब शेडरमध्ये याच लाइटच्या दिशेवरून काढलं, त्यामुळे पुढे तास बदलला तरी दोन्ही जोडीने हलणार होते. लाइटचा बेक मोड (त्याचा कुठला भाग भाजायचा ते) 'डायनॅमिक' ठेवला : उन्हाचा थेट पट्टा आणि त्याची सावली चालू गेममध्ये काढली जाते, आणि उन्हाने फरशीवर आपटून ओसरीत फेकलेला उजेड तेवढा भाजला जातो.

भाजणी

पहिल्या भाजणीत माजघर अंधारलं, ते हवंच होतं. पण भिंत आणि छप्पर मिळतात त्या रेषेवर, उत्तरेच्या बाजूने, उजेडाची एक बारीक लखलखीत रेघ उठली. मॉडेलमध्ये कौलांचं छप्पर भिंतीच्या माथ्यापासून बोटभर वर तरंगत होतं. बाहेरून ती फट पागोळीखाली लपत होती, आतून कडीपाटाआड. आकाशाला सबंध छप्पर दिसत नव्हतं, आणि भाजणीला बोटभर फटही दिसली. भिंतींचे माथे वर ओढून छपरात घुसवले. असे दुरुस्तीचे कोपरे वाड्यात बरेच निघाले. जिथे दोन भाग नुसते एकमेकांना टेकवले होते तिथे प्रत्येक ठिकाणी एक भाग दुसऱ्यात रुतवावा लागला.

दुसरी अडचण ठिपक्यांच्या आकाराची. इंपोर्ट करताना लाइटमॅपच्या एका ठिपक्याचा आकार मुळात ०.२ मीटर असतो. माजघराच्या रिकाम्या भिंतीला ते चालतं. ओसरीचा खांब २५ सेंटिमीटर रुंद. त्याच्या एका अंगाला धड दीड ठिपकाही येत नाही. त्यामुळे खांबांवर चौकाकडची उजळ बाजू आणि आतली अंधारी बाजू असा फरक उमटेना, सगळे खांब मध्यम करड्या रंगाचे झाले. ओसरीचा जीवच त्या फरकात असतो. खांब, तळखडे आणि ओसरीची जमीन यांना ०.०५ मीटरचा ठिपका दिला. लांबी-रुंदी दोन्हीत चौपट, म्हणजे ठिपके सोळापट. म्हणून हे सगळीकडे करायचं नसतं. कोठीच्या खोलीला, छपराच्या वरच्या बाजूला आणि बाहेरच्या मागच्या भिंतीला ०.२ च ठेवलं.

दारांबाबत थोडा वाद झाला. दार हलतं, म्हणून ते भाजता येत नाही. पण भाजताना ते उघडं धरायचं की मिटलेलं? मिटलेलं धरलं आणि खेळणाऱ्याने उघडलं तर आत उजेड येणार नाही. उघडं धरलं आणि त्याने मिटलं तर आत उजेड तसाच राहणार. दिंडी दरवाजा आणि माजघराचं दार उघडं धरून भाजले, कारण वाड्यात ही दारं दिवसा उघडीच असतात. कोठीचं मिटलेलं धरलं. कोठी उघडल्यावर आत अंधार असणं कुणालाही खटकत नाही.

हलणाऱ्या वस्तूंना, म्हणजे दारं, हातात उचलता येणारा तांब्या, पाळणा, यांना लाइटमॅप मिळत नाही. त्यांच्यासाठी जागोजाग प्रोब टाकून तिथला उजेड नोंदवला जातो. गोडो ते आपोआप विखुरतं, पण उंबरठ्यावर दाट प्रोब हाताने टाकावे लागले. नाहीतर तांब्या चौकातून माजघरात नेताना उंबरा ओलांडला तरी बाहेरच्या उजेडात लखलखत राहायचा.

पितळ

आता भिंती नीट झाल्या होत्या आणि भांडी अजून निळी होती. लाइटमॅप पसरट उजेड सांभाळतो. परावर्तन त्याच्या कक्षेत येत नाही. चकाकीसाठी ठिपका अजूनही थेट आकाशाच्या नकाशाकडेच जात होता. माजघर, देवघर आणि ओसरी यांना एकेक रिफ्लेक्शन प्रोब दिला. तो आपल्या जागेवरून भोवतालचं चित्र टिपतो आणि ठरवून दिलेल्या पेटीएवढ्या जागेत परावर्तनासाठी पुरवतो. आतल्या दोघांना 'इंटिरिअर' चालू केलं, म्हणजे त्या पेटीच्या आत परावर्तनात आकाश मिसळत नाही. 'बॉक्स प्रोजेक्शन' चालू केल्यावर प्रतिबिंबं खोलीच्या भिंतींच्या अंतराशी जुळली. पेटी मात्र भिंतीच्या आतल्या बाजूला नेमकी बसवावी लागते. देवघराची पेटी हातभर बाहेर गेली होती तेव्हा ओसरीतला एक खांब देवघरासारखा काळवंडला होता.

घंगाळ जवळून पाहिलं तर आता त्यात दाराचा उभा पांढरा चौकोन दिसत होता, त्याच्या दोन्ही बाजूंना अंधार, आणि तळाशी जमिनीचा मातकट रंग. खोलीत उजेड कुठून येतो हे त्या एका भांड्यावरून कळत होतं. मुलांनी वाड्यातल्या सगळ्या भांड्यांना आणखी चकचकीत करायचा बेत केला, तो मी मोडून काढला. रोजच्या वापरातलं पितळ आरशासारखं नसतं.

किती अंधार

इथे हिशेब संपतो आणि आवडनिवड सुरू होते. खऱ्या वाड्यात भर दुपारी उन्हातून माजघरात शिरलं की उजेड काही शे पटींनी कमी होतो आणि डोळे सरावायला वेळ लागतो. फोनच्या पडद्यावर तसंच केलं तर माजघर म्हणजे काळा चौकोन. दोन मुलांचं म्हणणं, थोडा अँबियंट परत टाकू. ज्या मुलीच्या आजोळी असा वाडा होता तिने साफ नकार दिला : "माजघरात अंधारच असतो. आजी तिथे दिवसाही दिवा लावायची." माझंही मत तिच्या बाजूने होतं. अँबियंट सरसकट वाढवला की पुन्हा कोनाड्यातही तेवढाच उजेड येतो आणि सगळं मुसळ केरात.

डोळ्यांचं सरावणं दाखवण्यासाठी गोडोत ऑटो एक्स्पोजर आहे, पण तेही फॉरवर्ड प्लसपुरतं. म्हणून उंबरठ्याच्या आतबाहेर एरिया नोड (कुणी त्या जागेत शिरलं की कळवणारे) टाकले आणि खेळणारा आत आला की टोनमॅपचं एक्स्पोजर, म्हणजे सबंध चित्राची उजळता, दीडेक सेकंदात हळूहळू वाढतं, बाहेर पडताना पटकन उतरतं. आत जाताना सावकाश आणि बाहेर येताना झपकन, हा फरक मुद्दाम ठेवला. तसाच अनुभव असतो. आतून दाराबाहेर पाहिलं तर चौक पांढराफटक दिसतो, तेही राहू दिलं.

मोबाइल रेंडररमध्ये झगझगीतपणाची वरची मर्यादा कमी असते, २.० च्या पुढचे आकडे तिथेच कापले जातात. त्यामुळे संगणकावर सुंदर दिसणारे ढग फोनवर एकजात पांढरे झाले होते. दिसणाऱ्या आकाशाची तीव्रता उतरवली. उजेड देणाऱ्याची तशीच ठेवली. वाटणी केली नसती तर हे जमलं नसतं.

ढगांचं मूळ चित्र ८के होतं : ३ कोटी ३५ लाख पिक्सेल, प्रत्येकी ४ बाइट धरले तरी १३० मेगाबाइटच्या वर, आणि तेही चौकाच्या तोंडातून दिसणाऱ्या आभाळाच्या तुकड्यासाठी. ४के केलं, भार पावपट झाला. २के करूनही पाहिलं. ढगांच्या कडा फुटल्या, म्हणून ४केवरच थांबलो.

तिन्हीसांज

मुलांना मुळात दिवसभर सरकणारा सूर्य हवा होता. आकाश सतत बदलतं ठेवायचं तर रेडियन्स मॅप सतत नव्याने करावा लागतो. त्यासाठी रिअलटाइम प्रकार आहे, तो २५६ च्याच आकारात आणि थोड्या कमी दर्जात चालतो; इन्क्रिमेंटल प्रकारात काम अनेक फ्रेम्समध्ये विभागलं जातं. पण लाइटमॅप भाजलेला असल्यामुळे आकाश सरकलं तरी माजघर दुपारीच अडकलं असतं. शेवटी तीन ठरलेल्या वेळा घेतल्या : सकाळ, दुपार, तिन्हीसांज. प्रत्येकीचा वेगळा लाइटमॅप. वेळ बदलताना पडदा क्षणभर काळा करून लाइटमॅपचा डेटा, एन्व्हायर्नमेंट आणि सूर्य तिन्ही एकदम बदलायचे.

बदलले, आणि तिन्हीसांजेच्या माजघरात घंगाळात दुपारचं पांढरं दार तसंच! रिफ्लेक्शन प्रोब 'वन्स' वर होते. त्यांनी एकदा चित्र टिपलं की ते पुन्हा पाहत नाहीत. प्रोब किंचित सरकवला की तो नव्याने टिपतो, म्हणून वेळ बदलताना प्रत्येक प्रोब केसभर हलवायची ओळ स्क्रिप्टमध्ये टाकली. सहा बाजू टिपायला काही फ्रेम्स जातात, तेवढा वेळ पडदा काळा राहतो.

सांजेला देवघरात समई. तिचा लाइटही 'डायनॅमिक' मोडमध्ये भाजला : भिंतींवरून परतणारा तांबूस उजेड स्थिर, ज्योतीचा थेट उजेड चालू गेममध्ये हलका थरथरता. आकाश तेव्हा इतकं मंद केलं की चौकात फक्त निळसरपणा उरतो आणि ओसरीत निळा व तांबडा यांची सीमा खांबांवर पडते. ०.०५ च्या ठिपक्यांचं चीज झालं ते इथे.

पुढची मागणी पावसाळ्याची आहे आणि ती आकाशाच्या दृष्टीने सोपी, वाड्याच्या दृष्टीने अवघड. पूर्ण झाकोळलेल्या आभाळासाठी सीआयई या प्रकाशविषयक आंतरराष्ट्रीय संस्थेचं प्रमाणित सूत्र आहे : माथ्यावरचं आभाळ क्षितिजाच्या तिप्पट उजळ, मधला चढ उंचीच्या कोनाच्या साइनप्रमाणे. शेडरमध्ये ती एक ओळ होते. पॅनोरामाची गरजच नाही, डायरेक्शनल लाइट बंद. चौकात उजेड सरळ वरून येतो, त्यामुळे वृंदावनाचा माथा आणि ओल्या फरशीचा मधला भाग उजळ, ओसरी लगेच अंधारी. पहिली भाजणी झाली आहे. ओल्या फरशीत आभाळ दिसायला हवं, म्हणून चौकाला चौथा प्रोब लागेल, आणि त्याला 'इंटिरिअर' बंद ठेवायचं आहे. पागोळ्यांमागून दिसणारा समोरचा ओसरीचा भाग त्या प्रोबमध्ये कसा धरायचा, यावर सध्या काम चालू आहे.